‘माझं मत आहे सर, मत चुकीचं कसं असेल?’

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवतो. नोकरीचं हे चौथं वर्ष. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या कन्नड, काहींच्या उर्दू. ‘तथ्य आणि मत’ हा भाग मी मन लावून शिकवला. फळ्यावर दोन रकाने आखले, मुलांनी वाक्यं बिनचूक भरली. पुढच्याच आठवड्यात ‘मोबाईल : शाप की वरदान’ असा वादविवाद ठेवला आणि सगळं मुसळ केरात. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या टाळ्या जास्त. एका मुलाने ‘मोबाईलमुळे गेल्या वर्षी लाखो मुलं आंधळी झाली’ असं ठोकून दिलं. मी हटकलं तर म्हणाला, ‘माझं मत आहे सर, मत चुकीचं कसं असेल?’ मला उत्तर सुचलं नाही. एक मुलगी चार दिवस खपून मुद्दे लिहून आली होती. तिचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. ती खाली बसली, तेव्हापासून हात वर करत नाही. त्यात एक पालक येऊन विचारून गेले, ‘पोरांना उलट बोलायला शिकवताय का?’ माझं नेमकं कुठे चुकतंय?
– एक शिक्षक, सोलापूर

उत्तर :

सर,

तुमचं पत्र वाचून झालं तरी बराच वेळ हातातच होतं. त्या मुलाने तुम्हाला विचारलेला प्रश्न मलाही विचारला गेला होता, आपल्याच गावात, अशाच एका आठवीच्या वर्गात. मी त्याला ‘बस खाली’ म्हणाले होते. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमची मेहनत वाया गेलेली नाही. घोटाळा आहे तो त्या दोन रकान्यांत. तथ्य म्हणजे खरं आणि मत म्हणजे ज्याचं त्याचं, एवढंच मुलं त्यातून घरी नेतात. परीक्षेपुरतं ते चालतं. पण मग अडचणीत सापडलेलं कोणतंही वाक्य मताच्या रकान्यात ढकललं की सुटका होते, कारण तिथे कोणी हात लावत नाही. तुमच्या त्या मुलाने हेच केलं. पोरगं हुशार आहे, तुम्ही दिलेल्या तक्त्याची त्याने ढाल केली.

खरं तर तो जे बोलला ते मत नव्हतंच. लाखो मुलं आंधळी झाली की नाही, हे मोजता येतं. मोजता येतं म्हणून ते तथ्याच्या जातीचं विधान, फक्त खोटं. ‘खोटं तथ्य’ म्हटलं की मुलं गोंधळतात, म्हणून मी वर्गात तथ्य हा शब्द सुरुवातीला वापरतच नसे. ‘तपासता येणारं वाक्य’ म्हणायचे. तपासलं की ते खरं निघेल नाही तर खोटं निघेल, ती पुढची गोष्ट. आधी एवढंच ठरवायचं की तपासायचं झालं तर काय करावं लागेल, कुठे जावं लागेल, कोणाला विचारावं लागेल.

हे मी कसं शिकवत गेले ते सांगते. एका शनिवारी घरातली चादर घडी करून पिशवीत घातली आणि वर्गात नेली. साधी लाल-पांढरी, बाजारातून सुती म्हणून घेतलेली. टेबलावर पसरली आणि म्हटलं, हिच्याबद्दल प्रत्येकाने एक वाक्य लिहा. फळ्यावर आली ती वाक्यं अशी होती : ही चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. ही चादर सुती आहे. सोलापुरी चादर जगात भारी. मला हिची नक्षी आवडत नाही. शाळेत पाहुण्यांना शाल देतात, त्याऐवजी ही द्यावी.

मग प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न : कशावरून?

पहिल्या वाक्याला पाच सेकंद लागले. चादर उलटी केली. नक्षी तीच, रंगांची अदलाबदल, जिथे लाल होतं तिथे पांढरं. डोळ्यांनी दिसलं, विषय मिटला.

दुसऱ्या वाक्याला मात्र वर्गाची हवाच बदलली. ‘सुती आहे’ कशावरून? कोणी म्हणालं हाताला लागतं. कोणी म्हणालं दुकानदाराने सांगितलं असेल. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील पॉवरलूमवर होते, तो म्हणाला, ‘बाई, धागा जाळून बघा.’ मी काठाच्या दशांतले दोन वेगळे धागे ओढून काढले, खिडकीपाशी गेले आणि काडी ओढली. पहिला धागा कागदासारखा जळला, वासही कागद जळल्याचाच, आणि बोटाला मऊ राख लागली. दुसरा धागा जळायच्या आधी आखडला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. तो मणी मी सगळ्या वर्गाला चिमटीत धरायला दिला. चादर निव्वळ सुती नव्हती, मिश्र होती.

एक मुलगी म्हणाली, ‘मग आमचं वाक्य मत झालं का बाई?’ या प्रश्नासाठी तर तो सगळा तास होता. नाही, मत झालं नाही. ते तपासता येणारं वाक्य होतं, तपासलं, चुकीचं निघालं. चुकीचं निघालं म्हणून ते मताच्या घरात राहायला जात नाही.

‘जगात भारी’ या वाक्यावर वर्ग खूप भांडला. मी विचारलं, भारी म्हणजे काय? टिकायला? उबेला? किमतीला? जोवर हे ठरत नाही तोवर ते वाक्य तपासताही येत नाही आणि त्याच्यावर वादही घालता येत नाही. एकाने भौगोलिक मानांकनाचा दाखला दिला. दाखला खरा आहे, सोलापुरी चादरीला ते मानांकन आहे. पण ते काय सांगतं? या नावाची चादर या मुलखातली, या पद्धतीची, एवढं. जगातल्या बाकीच्या चादरींपेक्षा चांगली, असं त्यात कुठेही नाही. सर, इथे जरा थांबा. मुलं सरसकट खोटं बोलतात असं नसतं. खरा दाखला देतात आणि त्याच्या खांद्यावर बसवतात त्याला न पेलणारं वाक्य. खोटं पकडायला सोपं आहे. ही उडी पकडायला शिकवावं लागतं.

‘मला नक्षी आवडत नाही’ हे आपण तिथेच सोडून दिलं. ती आवड आहे. तिला कशावरून विचारायचं नाही, आणि ती बदलायला लावायचंही नाही. कडक भाकरीबरोबर कोणाला शेंगाचटणी हवी, कोणाला आमटी. तिथे वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं.

उरलं शेवटचं वाक्य. पाहुण्यांना शालीऐवजी चादर द्यावी. हे खरं मत. आवड आपल्यापुरती असते, पण हे वाक्य दुसऱ्याला काहीतरी करायला सांगतं. मुख्याध्यापकांनी पैसे बाजूला काढावेत, शिपाईमामांनी बाजारात जावं, पाहुण्यांनी ते ओझं न्यावं. दुसऱ्याला कामाला लावणारं वाक्य बोललात की त्या दुसऱ्याला ‘का’ विचारायचा हक्क मिळतो. तुमच्या त्या मुलाला हे उत्तर द्या : हो बाळा, मत चुकीचं असू शकतं. ज्या गोष्टीवर उभं केलं तीच खोटी असेल तर. किंवा ती गोष्ट खरी, पण तिच्यातून तुझं म्हणणं निघतच नसेल तर. किंवा एखादी मोठी बाजू तू पाहिलीच नसशील तर. आणि हे सांगताना त्याला उभं ठेवू नका, शेजारी बसवून सांगा.

आणखी एक गोष्ट. हा प्रश्न वर्गात एकदा आला की तो तुमच्याकडेही वळणार, आणि वळू द्यायला हवा. मी कित्येक वर्षं मुलांना सांगत होते की सोळा गावं मिळून सोलापूर झालं. मला माझ्या बाईंनी सांगितलं होतं. एक दिवस एका मुलीने विचारलं, ‘कोणती सोळा, बाई?’ मला सोळा नावं सांगता आली नाहीत. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांच्या काळात, या गावाचं नाव सोन्नलगी किंवा सोन्नलगे असं येतं, आणि त्या नावाचा सोळा या आकड्याशी काही संबंध लागत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते तसंच सांगितलं, मी इतकी वर्षं ऐकीव सांगत होते हेही सांगितलं. त्या वर्षी माझ्या हातून जे काही बरं शिकवून झालं, त्यात हा तास मी सगळ्यात वर धरते.

ऐकीव माहिती वाईट असते असं मात्र मुलांना सांगू नका. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या बरोबरीने ‘शब्द’ हेही प्रमाण मानलं आहे. पण कोणाचा शब्द? आप्ताचा. हे सांगितलं की वर्ग हसतो, कारण आपल्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. शास्त्रातला आप्त म्हणजे ज्याला त्या गोष्टीची खात्रीची माहिती आहे आणि जो ती प्रामाणिकपणे सांगतो, तो. मोबाईलवर आलेला संदेश मामाने पाठवलेला असतो. मामा पहिल्या अर्थाने आप्त आहे, दुसऱ्या अर्थाने आहे का? एवढा फरक कळला की मुलं स्वतःहून मामाला विचारतात, तुला कोणी पाठवलं. ‘युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ हा संदेश तुमच्याही वर्गात फिरला असेल. ते खोटं आहे, युनेस्कोने असं काही कधी ठरवलेलं नाही. मुलांना त्या संदेशाच्या मागे मागे जायला लावा. चौथ्या-पाचव्या माणसापाशी माग संपतो आणि प्रत्येक जण म्हणतो, मला पुढून आलं.

आता शब्दांबद्दल, कारण तुम्ही मराठीचे शिक्षक आहात आणि हे काम गणिताच्या सरांना जमणार नाही. मुलांना चार पुतळ्यांपाशी घेऊन जा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. त्याआधी मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. आता मुलांना म्हणावं, हे चार ओळींत लिहा, पण एकही विशेषण न वापरता. मग त्याच चार ओळी इंग्रज अधिकाऱ्याने वरिष्ठांना लिहिल्यासारख्या लिहा, आणि मग गिरणीतल्या कामगाराने घरी लिहिल्यासारख्या. रस्त्यावर उतरलेली माणसं एका कागदावर ‘जमाव’ होतात, दुसऱ्यावर ‘आपली माणसं’. एकाची ‘दंगल’ ती दुसऱ्याचा ‘लढा’. मत कसं एका शब्दात लपून येतं, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

पण तिथे थांबू नका, नाहीतर मुलं उलट्या टोकाला जाऊन म्हणतील, म्हणजे सगळं बघण्यावर आहे. तारीख बघण्यावर नाही. चौघांची नावं बघण्यावर नाहीत. तिन्ही कागदांत जे बदललं नाही त्याच्याखाली रेघ मारायला सांगा. आणि कोणता शब्द त्या माणसांना शोभतो, याचाही वाद कारणं देऊन घालता येतो. मी स्वतः हुतात्मा हाच शब्द वापरते आणि का वापरते ते मुलांना सांगते.

असेच दुसरे लबाड शब्द म्हणजे ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘सगळे’. मी मुलांना एकदा वहीच्या मागच्या पानावर आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी आलं, त्याची तारीख आणि वेळ लिहायला सांगितली होती. महिनाभर. ‘आमच्याकडे नेहमी रात्रीच येतं’ म्हणणाऱ्या मुलीच्या पानावर सातांपैकी पाच वेळा रात्र होती, दोनदा पहाट. तिने ‘नेहमी’ खोडून ‘बहुतेक वेळा’ लिहिलं. तो एक शब्द खोडायला तिला महिना लागला, पण त्यानंतर तिच्या निबंधात ‘सगळे’ हा शब्द आला की तीच थबकायची.

आता पटवून देण्याकडे येते. तुमचा विषयच तुम्हाला दगा देऊन गेला, सर. ‘शाप की वरदान’ या विषयांवर मुलं भांडणार नाहीत तर काय करतील? त्यात ठरवायचं काही नाही आणि ठरवणारं कोणी नाही. कोणाला पटवायचंय हेच माहीत नसेल तर आवाज चढवण्यापलीकडे हातात काय उरतं? वक्तृत्व स्पर्धांनी ही सवय आपल्याला लावली आहे. शिक्षकांनी भाषण लिहायचं, मुलाने घोकायचं, हातवारे बसवायचे. मीही अशी पुष्कळ भाषणं लिहून दिली आणि त्याचं मला वाईट वाटतं. ती मुलं ढाल घेऊन आली, पण त्यांना स्वतःचं एक कारण शोधावं लागलं नाही.

विषय असा द्या ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा माणूस शाळेतच बसलेला आहे. आठवड्यातून एक दिवस प्रकल्पासाठी वर्गात मोबाईल आणू द्यावा का? ठरवणार मुख्याध्यापक. आमच्या वर्गाला चादरीचा विषय आयताच मिळाला होता.

पहिल्या खेपेला मुलांनी लिहिलं, ‘सोलापुरी चादर आपली शान आहे म्हणून ती द्यावी.’ मी म्हटलं, हे तुम्हाला पटलेलं आहे, सरांना कसं पटेल? सरांना कसली काळजी असते? मग यादी झाली : खर्च, रीत, पाहुण्यांची सोय. दोघं जण बाजारात जाऊन शालीचे आणि चादरीचे भाव लिहून आले. मग मी गट बदलले. जी मुलं चादरीच्या बाजूने होती त्यांनी शालीच्या बाजूने बोलायचं. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘पाहुणे एसटीने आलेत, इथून पुढे पंढरपूरला जायचंय. ही चादर ते कुठे धरणार?’ वर्ग गप्प. चादर त्यांच्या डोळ्यांसमोर होती, घडी घातली तरी केवढी होते ते दिसत होतं. मिनिटभराने कोपऱ्यातून कोणी तरी म्हणालं, ‘मग टॉवेल?’

सोलापुरी टॉवेललाही मानांकन आहे, हलका असतो, किमतीला परवडतो. विरोधी बाजू मनापासून बोलल्यामुळे मुलांचं स्वतःचं मत बदललं, आणि बदललं ते जास्त चांगलं झालं. मग त्यांनी जे पत्र लिहिलं त्यातला काही भाग मला अजून पाठ आहे : ‘आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या दिवसांत दिलेली शाल पाहुणे लगेच काढून पिशवीत ठेवतात, हे आम्ही पाहिले आहे. शाल पांघरण्यात मान आहे, हे आम्हाला मान्य आहे. टॉवेल देताना तसे वाटणार नाही. म्हणून टॉवेलसोबत तो कोणी विणला हे सांगणारे आमच्या हातचे कार्ड द्यावे.’ आणि खाली एका मुलीने भर घातली होती : ‘माझ्या वडिलांनी विणलेला टॉवेल पाहुण्यांच्या हातात बघायला मला आवडेल.’

ते शेवटचं वाक्य मी खोडणार होते. ही भावना झाली, कारण नव्हे, असं माझ्या मनात आलं. खोडलं नाही हे बरं केलं. ते खरं होतं, तिचं होतं आणि वरच्या कारणांनंतर आलं होतं. त्या मुलाने लाखो आंधळ्यांची भीती घातली तीही भावनाच, पण ती पुराव्याच्या जागेवर येऊन बसली होती. फरक एवढाच आहे आणि मुलांना तो समजतो. मुख्याध्यापकांनी निम्मं मान्य केलं : तरुण पाहुण्यांना टॉवेल, वयाने मोठ्या माणसांना शालच. मुलांना आपण हरलो असं वाटलं. मी म्हटलं, सरांनी शालीसाठी दिलेलं कारण आता तुमच्या शब्दांत लिहून दाखवा. लिहिता लिहिता दोघा-तिघांना ते पटलंही.

या सगळ्यात मी एकच नियम कडक पाळायचे. समोरच्याचं खोडण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, ‘हेच म्हणायचंय ना तुला?’ तो ‘हो’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी चर्चेचे तीन प्रकार केले होते : खरं शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचं काहीही न मांडता फक्त दुसऱ्याचं पाडण्यासाठी वितंडा. मुलांना वितंडवाद हा शब्द घरून माहीत असतो, वाद या शब्दाचा मान माहीत नसतो. तो त्यांना सांगा. आपण वादाला ‘भांडण’ करून टाकलंय, मूळचा तो शब्द फार चांगला आहे.

घरच्या भाषेचं म्हणाल तर जोडीने तयारी करताना मुलांना तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत बोलू द्या. कारण शोधायला आईची भाषा लागते, मांडायला मग मराठी. तेलुगूतलं ‘एंदुकु?’, कन्नडमधलं ‘याके?’, म्हणजे ‘का?’, असं आमच्या वर्गात सर्रास चालायचं आणि मग फळ्यापाशी येऊन सगळे एकमेकांना ‘कशावरनं बे?’ विचारायचे. ‘बे’ला मी कधी हरकत घेतली नाही.

पालकांना मी काय सांगितलं ते सांगते. माझ्याकडेही एक आई आली होती, विड्या वळणारी. ‘पोरगी हल्ली प्रत्येक गोष्टीला कशावरून विचारते,’ म्हणाली. मी म्हटलं, अक्का, तुम्ही हजार विड्या वळून नेता आणि तिथे त्यातल्या पन्नास खराब म्हणून बाजूला काढतात, तेव्हा तुमच्या मनात काय येतं? ती लगेच म्हणाली, ‘कशावरनं खराब, दाखव की.’ आणि मग स्वतःच हसली. तिच्या लेकीला मात्र मी वेगळं बसवून सांगितलं की आई तव्यापुढे असताना हा प्रश्न विचारायचा नाही, आणि विचारताना उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारायचा. पालकांची तक्रार पुष्कळदा प्रश्नाबद्दल नसते, सुराबद्दल असते, आणि तिथे त्यांचं बरोबर असतं. सूर शिकवणंही आपल्याच तासाचं काम.

वेळ मिळत नाही हे मला ठाऊक आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास पुरतो. गुण द्यायचेच तर आधाराला द्या, दुसऱ्याची बाजू नीट सांगितल्याला द्या, आवाजाला शून्य. टाळ्या बंद करा. त्याऐवजी सुरुवातीला चिठ्ठीवर प्रत्येकाचं मत घ्या आणि शेवटी पुन्हा घ्या. ज्याचं बदललं त्याने कोणत्या वाक्याने बदललं ते लिहायचं. त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या की हळू आवाजाच्या मुलांची वाक्यं वर्गाला पहिल्यांदा ऐकू येतात.

त्या मुलाला आता एक काम द्या : लाखो मुलांचं ते वाक्य पहिल्यांदा कोणी म्हटलं ते शोधून आण. शिक्षा म्हणून नको, त्याच्यासारख्या चलाख पोराला शोभणारं काम म्हणून. पुढच्या तासाला त्याने आधी त्या मुलीचे मुद्दे आपल्या शब्दांत सांगायचे आणि तिने ‘हो, हेच’ म्हटलं की मगच आपलं बोलायचं. पण त्याआधी तुम्हाला एक करावं लागेल. चार दिवस खपून लिहिलेला तिचा तो कागद तिने टाकून दिलेला नसेल, दप्तरात कुठे तरी असेल. तो तिच्याकडून मागून घ्या आणि आधी तुम्ही वाचा, पेन हातात न घेता.